घरपट्टी ठरविणारा शिकलेला हवा, आणि आमची भाषा जाणणाराही

मार्च महिना जवळ आला की सीमाभागातील ग्रामपंचायतींचे बिल कलेक्टर दारोदार फिरू लागतात. काखेत वही, हातात कानडी पावती पुस्तक. घरधनी विचारतो, "साहेब, गेल्या साली एवढी नव्हती, यंदा एकदम कशी वाढली?" उत्तर ठरलेले असते, "वरून आलंय." हे 'वर' म्हणजे नेमके कुठे, आकडा कोणी काढला, कशावरून काढला, हे ना घेणाऱ्याला सांगता येते, ना देणाऱ्याला समजते. पावती कानडीत असल्यामुळे घरी नेऊन शाळेतल्या नातवाकडून वाचून घ्यावी, तर तो मराठी शाळेत शिकणारा. दुसरी भाषा म्हणून कानडी अक्षरे ओळखतो, पण महसुली शब्द त्याच्या पुस्तकात नसतात. पैसे भरले जातात, प्रश्न तसाच राहतो.

आमच्या माहितीतील एका गावची गोष्ट आहे. एका म्हाताऱ्याचे कौलारू घर दप्तरात स्लॅबचे म्हणून नोंदले गेले आणि मागचा गोठा राहत्या खोलीत मोजला गेला. नोटीस आली होती, ती कानडीत. घरच्यांनी ती देवघरातल्या फळीवर जपून ठेवली. सरकारी कागद म्हणजे काहीतरी महत्त्वाचे, एवढेच त्यांना कळले होते. हरकतीची मुदत त्या फळीवरच संपली. पुढे मुलाला कर्जासाठी उतारा लागला तेव्हा मागच्या बाकीचा आकडा समोर आला आणि सारा उलगडा झाला. यात कोणी लाच खाल्ली नव्हती, कोणी वैरही साधले नव्हते. मोजणाऱ्याला मोजण्याचे शिक्षण नव्हते आणि मोजलेले घरधन्याला समजेल अशा भाषेत सांगण्याची सक्ती त्याच्यावर नव्हती. दोन्ही उणिवा एकाच घरावर येऊन पडल्या.

घराची आकारणी हे काही आंधळ्या कोशिंबिरीचे काम नव्हे. भिंत मातीची की विटांची, छप्पर कौलाचे, पत्र्याचे की स्लॅबचे, बांधकाम किती जुने, वापर राहण्याचा की दुकानाचा, मोजमाप चौथऱ्याचे की आतल्या खोल्यांचे, अशा दहा गोष्टी पाहून मूल्य ठरते. जुन्या घराला घसारा द्यावा लागतो. यादी लावावी लागते, हरकती मागवाव्या लागतात, त्या ऐकून घ्याव्या लागतात. कर्नाटकाच्या १९९३ च्या पंचायत राज कायद्याने ग्रामपंचायतीला घरावर कर बसविण्याचा अधिकार दिला आहे. म्हणजे विधानसभेने दिलेली एक मोठी सत्ता गावातल्या सर्वांत कमी पगाराच्या माणसाच्या टेपवर येऊन टेकते.

बाहेर काय चालते ते पाहावे. अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को शहरात १९६० च्या दशकात पैसे घेऊन आकारणी कमी केल्याचे प्रकरण उघडकीस आले. त्यानंतर कॅलिफोर्निया राज्याने कायदाच केला. आज तिथे करासाठी मालमत्तेचे मूल्य ठरविणाऱ्याला राज्य मंडळाचे प्रमाणपत्र लागते, आणि ते टिकविण्यासाठी दरवर्षी २४ तासांचे प्रशिक्षण घ्यावे लागते. वरच्या दर्जाचे प्रमाणपत्र असेल तर १२ तासांचे. आपल्याकडेही कंपन्यांच्या मालमत्तेचे मूल्य काढायचे तर २०१७ च्या नियमांनुसार परीक्षा उत्तीर्ण होऊन नोंदणी झालेला मूल्यांकक लागतो. कंपनीच्या इमारतीला परीक्षा दिलेला माणूस आणि कुंभारवाड्यातल्या घराला मिळेल तो माणूस, हा न्याय कुठला?

प्रशिक्षण अजिबात होत नाही असे आम्ही म्हणत नाही. म्हैसूरला अब्दुल नझीर साब यांच्या नावाची राज्य ग्रामीण विकास संस्था आहे आणि पंचायतीच्या माणसांना शिकविणे हे तिचे कामच आहे. पण वर्गात हजेरी लावणे वेगळे आणि परीक्षा देऊन 'हा माणूस घर मोजण्यास पात्र आहे' असा दाखला मिळविणे वेगळे. आम्ही मागतो तो दाखला. आणि त्या परीक्षेत एक प्रश्नपत्रिका अशी हवी की, ज्या गावात काम करायचे त्या गावची भाषा या माणसाला येते का? बेळगाव, खानापूर, निपाणी, कारवार, बिदर, भालकीच्या ज्या गावांत घराघरांत मराठी बोलली जाते, तिथे मराठीत नोटीस लिहिता आणि समजावून सांगता आली पाहिजे.

लगेच कोणी म्हणेल, झाले, यांनी पुन्हा सीमाप्रश्न काढला! सीमाप्रश्न आम्ही सोडलेला नाही, सोडणारही नाही. महाराष्ट्राचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे आणि १ जून १९८६ चे हुतात्मे आमच्या स्मरणात आहेत. पण न्यायालयाचा निकाल कधी यायचा तो येवो, घरपट्टी मात्र दरवर्षी भरावी लागते. भाषिक अल्पसंख्याकांसाठी देशाने जी संरक्षणे मान्य केली आहेत, त्यांत स्पष्ट म्हटले आहे की, ज्या भागात अल्पसंख्याकांची भाषा बोलणारे १५ टक्के वा अधिक असतील तिथे महत्त्वाचे नियम आणि सूचना त्या भाषेतही प्रसिद्ध कराव्यात. कराच्या नोटिशीहून महत्त्वाची सूचना गावकऱ्याच्या आयुष्यात दुसरी कोणती? राज्याने १९८१ चा स्थानिक संस्थांच्या राजभाषेचा कायदा करून पंचायतीचा कारभार कानडीत नेला. तो कानडीत चालावा. त्या कानडी कागदाच्या पाठीवर चार ओळी मराठीत छापल्या तर कोणत्या राजभाषेचा अपमान होतो?

आता तर कागदाचे महत्त्व पूर्वीपेक्षा वाढले आहे. २०१३ पासून 'ई-स्वत्तू' आले आणि नमुना ९ व ११ चे उतारे संगणकातून निघू लागले. ते नसतील तर गावठाणातले घर विकता येत नाही, बँक दारात उभी करीत नाही. पुढे २०२० मध्ये केंद्राची 'स्वामित्व' योजना आली, ड्रोनने गावठाणे मोजली जाऊ लागली, आणि पहिल्या टप्प्याच्या राज्यांत कर्नाटकही होते. यंत्र छप्पर बिनचूक दाखवील. पण त्या छपराखालच्या माणसाचे नाव लिहिणार माणूसच. एका कागदावर 'चौगुले', दुसऱ्यावर 'चौगले' झाले की दुरुस्तीसाठी हेलपाटे सुरू. मराठी नाव कानडीत उतरविताना काय काळजी घ्यावी, हाही प्रशिक्षणातला एक धडा असायला हवा.

दोष सगळा सरकारच्या माथी मारून आम्ही मोकळे होणार नाही. आमच्या कितीतरी पंचायतींवर मराठी माणसेच निवडून येतात. कराचा ठराव त्यांच्याच सह्यांनी होतो. ग्रामसभेला आम्ही किती जण जातो? यादी फळ्यावर लागते तेव्हा तिच्यापुढे थांबून आपले घर कोण शोधतो? निवडणुकीत भाषेवर मते मागणाऱ्याला, 'मराठीत नोटीस काढण्याचा ठराव कधी मांडलास?' असे आम्ही कधी विचारले काय? कानडी वाचता येणे हा गुन्हा नव्हे, ते ढाल म्हणून शिकावे. घरात एक जण तरी कानडी उतारा वाचणारा असला तर मुदती फळीवर संपणार नाहीत. आणि कर बुडविणे हा मार्ग नव्हे. गावचा दिवा आणि नळ त्याच पैशांवर चालतो.

आणखी एक गोष्ट मनापासून सांगतो. जो हक्क आम्ही इथे मागतो, तोच जत आणि अक्कलकोट तालुक्यांतील कन्नड बांधवांचाही आहे. महाराष्ट्राने त्यांच्या गावांत घरपट्टीची नोटीस कन्नडमध्येही द्यावी. आपल्या दारात एक माप आणि शेजाऱ्याच्या दारात दुसरे, असे असेल तर आमच्या मागणीला वजन राहणार नाही.

तेव्हा मागण्या तीनच. आकारणी करणाऱ्याला परीक्षेचा दाखला आणि ठराविक वर्षांनी फेरप्रशिक्षण. मराठी गावांत काम करणाऱ्याला मराठीचे ज्ञान. आणि नोटीस, हरकतीचा नमुना व मुदत ही तिन्ही मराठीतही. यासाठी नवा सीमा आयोग नको, एक शासकीय आदेश पुरे.

तो निघेपर्यंत आपल्या हाती एक साधन आहे. राज्यघटनेच्या ३५० व्या कलमाने आपले गाऱ्हाणे राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत मांडण्याचा हक्क प्रत्येकाला दिला आहे. यंदा आकारणी पटली नाही तर मुदतीच्या आत हरकत लिहा, मराठीत लिहा, दोन प्रती करा आणि एका प्रतीवर पोहोच घ्या. एका घराची हरकत कपाटात जाईल. गावातल्या दोनशे घरांच्या हरकती एकाच दिवशी टेबलावर पडल्या, तर त्या वाचण्यासाठी तरी मराठी जाणणारा माणूस त्या खुर्चीत बसवावा लागेल.