नोंदवही एक, हात अनेक



लागणीच्या तारखा व शेतभेटींची टिपणे सर्व गटांनी मोबाईलवरच्या एकाच सामाईक वहीत लिहावीत, असा शेतकी विभागाचा विचार आहे. वही कोणती घ्यावी? आमचे मत असे की, झकपकपणा नको. रानात रेंज नसली तरी मराठीत लिहिता आले पाहिजे. तारीख कोणी, केव्हा बदलली हे गूगल डॉक्समध्ये मागे जाऊन पाहता येते. तशी सोय हवीच, कारण त्याच तारखेवर तोडणीची पाळी ठरते. फुकटावर भाळू नये. एव्हरनोटने २०२३ साली फुकट वापरणाऱ्यांना ५० टिपणांची मर्यादा घातली. म्हणून आपला मजकूर केव्हाही बाहेर काढून घेता यावा. पाळीचा तंटा जी मिटवील, तीच वही घ्यावी.