धुतलेला डबा आणि मुळशीचा धूर

गेल्या पावसाळ्यात महिनाभर मी मुळशी तालुक्यातल्या आमच्या फ्लॅटवर होते. जर्मनीतल्या सवयीने दह्याचा रिकामा डबा धुतला, वाळवला आणि सुक्या कचऱ्यात टाकला. शेजारच्या काकू दारातून बघत होत्या. म्हणाल्या, "अगं, धुतेस कशाला? खाली सगळं एकच होतं." मी मुद्दाम खाली जाऊन पाहिलं. ओल्याची बादली आणि सुक्याची बादली, दोन्ही एकाच ट्रॉलीत रिकाम्या झाल्या आणि ट्रॉली ओढ्याच्या दिशेने गेली. पाऊस उघडला की संध्याकाळी तिकडून धूर यायचा. माझा स्वच्छ धुतलेला डबाही त्यात असणारच.

जर्मनीतल्या आमच्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात जेवणं आटोपली की हा विषय निघतोच आणि "आपल्या लोकांना शिस्तच नाही" या वाक्यावर संपतो. मला हे वाक्य आता पटत नाही. आपली शिस्त आली कुठून ते आधी आठवून बघू या. इथे जर्मनीत सालं-देठं वेगळ्या डब्यात, कागद निळ्या डब्यात, वेष्टनं पिवळ्या पिशवीत. पिशवीत भलतंच काही दिसलं तर गाडीवाले ती तिथेच सोडून जातात आणि शेजाऱ्यांसमोर शोभा होते. पाण्याच्या एकदाच वापरायच्या बाटलीवर 25 सेंट अनामत आहे, म्हणून आपण रिकाम्या बाटल्यांची पिशवी घेऊन इमानेइतबारे दुकानात जातो. म्हणजे आपल्याला वळण लागलं ते सोयीमुळे आणि थोड्या धाकामुळे. ती सोय काढून घेतली तर महिनाभरात आपणही काकूंसारखंच बोलू लागू.

शिवाय आपल्या पिवळ्या पिशवीचं फार कौतुकही नको. प्लॅस्टिकचा कचरा परदेशी पाठवणाऱ्या युरोपातल्या मोठ्या देशांत जर्मनी आहे. 2018 मध्ये चीनने दार लावलं, तेव्हा जगभरचा हा माल मलेशियासारख्या देशांकडे वळला. नजरेआड झालेला कचरा संपलेला नसतो, तो दुसऱ्या कुणाच्या तरी दारात असतो.

'दुसऱ्याचं दार' म्हणजे काय, हे मुळशीला कुणी शिकवायला नको. मुंबईला वीज हवी म्हणून टाटांचं धरण आलं. 1921 मध्ये सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली तिथल्या मावळ्यांनी 'जान किंवा जमीन' म्हणत सत्याग्रह केला, तरी जमीन पाण्याखाली गेलीच. पुण्याला पाणी देणाऱ्या धरणांपैकी टेमघर याच तालुक्यात आहे. हिंजवडीचं आयटी पार्कही तिथलंच. शनिवार-रविवारी ताम्हिणीच्या धबधब्यांवर येणारी शहरी मंडळी भिजून, भजी खाऊन परततात. कागदी बश्या आणि बाटल्या मागे राहतात. वीज खाली गेली, पाणी खाली गेलं, वर आला तो कचरा.

आणि तो उचलायचा कुणी? भूगाव, पिरंगुट, माण, मारुंजी या नावांपुढे आज टोलेजंग इमारतींच्या जाहिराती असतात, पण कारभार ग्रामपंचायतीचा. वस्ती शहराएवढी, यंत्रणा गावाएवढी. 'महापालिकेत गेलं की सुटेल' असं अनेकांना वाटतं. त्यांनी तालुक्यातल्याच सूस गावाकडे बघावं. गाव 2021 मध्ये पुणे महापालिकेत गेलं. त्याआधीच बाणेर-सूस हद्दीजवळच्या महापालिकेच्याच ओल्या कचऱ्याच्या प्रकल्पावरून दुर्गंधीची तक्रार हरित लवादापुढे गेली होती. 2020 मध्ये लवादाने तो बंद करायला सांगितला. 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला आणि वास रोखण्याच्या उपायांवर व दाट झाडी लावण्यावर भर दिला. रहिवाशांचा वैताग खरा होता. पण प्रकल्प हलवायचा म्हणजे तोच वास दुसऱ्या गावाला भेट द्यायचा. पुण्याने हे उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या बाबतीत वर्षानुवर्षं केलं. तिथल्या गावकऱ्यांनी गाड्या अडवल्या, तेव्हा शहरात वॉर्डावॉर्डात कचरा जिरवायची भाषा सुरू झाली.

म्हणून माझं म्हणणं एवढंच: कचरा जिथे होतो तिथेच त्याचा हिशेब मिटला पाहिजे. आणि ज्यांचा तिथे फ्लॅट आहे, ज्यांचं ऑफिसचं काम तिथून होतं, त्यांनी स्वतःला पाहुणे समजू नये. त्या हिशेबात आपलंही नाव आहे.

'तुम्ही परदेशात बसून काय करणार?' हा प्रश्न रास्त आहे. सल्ले तर नक्कीच देऊ नयेत. पण आपल्या हातात दोन गोष्टी आहेत.

पहिली, सोसायटीतलं मत आणि पैसा. भारतातल्या घरगुती कचऱ्यात निम्म्याहून अधिक ओला असतो. तो आवारातच जिरला तर ट्रॉलीत सुकाच उरतो, आणि कोरड्या, स्वच्छ सुक्याला भंगारवाला आनंदाने दर देतो. दिवसाला 100 किलोहून जास्त कचरा करणाऱ्यांनी ओला कचरा शक्यतो जागेवरच जिरवावा, असं 2016 च्या घनकचरा नियमांनीच सांगितलं होतं. तरी खताच्या खड्ड्याचा खर्च निघाला की सभेत पहिला विरोध बहुधा भाड्याने दिलेल्या फ्लॅटच्या मालकांचा होतो. ते मालक म्हणजे बऱ्याचदा आपणच. आणि जे हात आपला कचरा निवडतात त्यांचाही विचार हवा. पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत 1993 पासून कचरावेचकांसाठी झगडते आहे. तिच्यातूनच उभ्या राहिलेल्या 'स्वच्छ' संस्थेने सांगितलेला उपाय अगदी साधा आहे: सॅनिटरी नॅपकिन कागदात गुंडाळा आणि वर लाल ठिपका काढा, म्हणजे कुणाला ते हाताने उघडावं लागत नाही.

दुसरी गोष्ट ऑफिसची. आपल्यातल्या कितीतरी जणांची टीम हिंजवडीत बसते. आपण त्यांना कोडच्या दर्जाबद्दल रोज विचारतो. कँटीनचं उरलेलं अन्न, चहाचे कागदी कप आणि जुने लॅपटॉप कुठे जातात हे कधी विचारलंय? ग्राहकाने विचारलेल्या प्रश्नाला तिथे वजन असतं. काचेचा पेला किंवा स्टीलचा मग ठेवला तर रोजचे शेकडो कप तयारच होत नाहीत, मग टाकायचे कुठे हा प्रश्नही उरत नाही.

परत आल्यावर मी आमच्या सोसायटीला पत्र लिहिलं, खड्ड्याच्या खर्चातला माझा वाटाही कळवला. सेक्रेटरींचं उत्तर आलं: "मॅडम, खड्डा खणू. पण मुळशीच्या पावसात त्याचा चिखल होईल, त्याचं काय?" प्रश्न अगदी बिनतोड होता. उत्तर आमच्या सफाईच्या मावशींनी दिलं. त्या तालुक्यातल्याच, भातशेती करणाऱ्या घरातल्या. वर पत्रा घाला, म्हणाल्या, आणि पाला उन्हाळ्यातच गोळा करून कोरडा ठेवा. ओल्यावर रोज मूठभर टाकला की वास येत नाही. भाताच्या राबासाठी, म्हणजे रोपांची जागा भाजायला, पाला-फांद्या पावसाआधी जमवायची त्यांच्या घरची पिढ्यान्‌पिढ्यांची सवय.

सभा पुढच्या महिन्यात आहे. पत्र्याचे पैसे मी पाठवलेत. पाला मात्र तिथल्यांनाच जमवावा लागेल, आणि मावशींना त्या कामाचे वेगळे पैसे द्यावेत, एवढी एक ओळ मी ठरावात घालायला सांगितली आहे.