नंबर आपला, दर मात्र कंपनीचा

कापडाच्या धंद्यात टेलिफोन नंबर ही साधी गोष्ट नाही. तो बिलबुकावर छापलेला असतो, ट्रान्सपोर्टच्या बिल्टीवर लिहिलेला असतो, मालेगावच्या सूतवाल्यापासून सुरतेच्या प्रोसेसवाल्यापर्यंत प्रत्येकाच्या डायरीत असतो. असा नंबर एकाएकी बंद झाला, की बाजारात पहिली शंका येते ती पार्टी बसली की काय याची. म्हणून कंपनीची सेवा कितीही वाईट असली आणि दर कितीही जास्त असले, तरी पूर्वी व्यापारी निमूटपणे तिथेच राहत असे. कंपनी सोडायची म्हणजे नंबर सोडायचा आणि नंबर सोडायचा म्हणजे पत पणाला लावायची, असा तो मामला होता.

नंबर तोच ठेवून कंपनी बदलण्याची सोय आपल्या देशात २५ नोव्हेंबर २०१० रोजी हरियाणात सुरू झाली आणि २० जानेवारी २०११ पासून देशभर लागू झाली. मात्र तेव्हा ती एकाच दूरसंचार विभागापुरती होती. मालेगावचा व्यापारी सुरतेला स्थायिक झाला, तर त्याला गुजरातचा नवा नंबर घ्यावाच लागे. ही अडचण ३ जुलै २०१५ पासून दूर झाली. चांगली सोय झाली, यात वाद नाही. परंतु बाजारात सर्रास बोलले जाते की या सोयीमुळे एका कंपनीतून दुसऱ्या कंपनीत बोलणे स्वस्त झाले. हे म्हणणे हिशोबाला उतरत नाही, आणि त्यातून आपली जी गफलत होते तिच्याबद्दलच येथे लिहायचे आहे.

एका कंपनीच्या ग्राहकाने दुसऱ्या कंपनीच्या ग्राहकाला फोन लावला, की पहिल्या कंपनीला दुसरीकडे मिनिटामागे काही पैसे भरावे लागत. ही एक प्रकारची जकातच होती. माल दुसऱ्या गावच्या हद्दीत शिरला की नाक्यावर पावती फाडा, तसेच बोलणे दुसऱ्या कंपनीच्या हद्दीत शिरले की पैसे मोजा. ही जकात ठरवण्याचे काम दूरसंचार नियामक प्राधिकरणाचे, म्हणजे ट्रायचे. २००९ साली ती मिनिटाला २० पैसे होती. मार्च २०१५ पासून १४ पैसे, ऑक्टोबर २०१७ पासून ६ पैसे आणि १ जानेवारी २०२१ पासून शून्य झाली. दोन कंपन्यांमधला फरक पुसला गेला तो या घसरणीने. नंबर तोच ठेवण्याच्या सोयीने ही जकात एका पैशानेही कमी केली नाही.

उलट ज्या दहा वर्षांत जकातही होती आणि नंबर कंपनी बदलून फिरतही होते, त्या काळात ग्राहकाची एक वेगळीच पंचाईत झाली. पूर्वी आपल्या महाराष्ट्रात नंबरचे पहिले चार आकडे पाहिले की कंपनी कळत असे. ९४२२ म्हणजे बीएसएनएल, ९८२२ म्हणजे आयडिया, ९८९० म्हणजे एअरटेल. आमच्या पेढीवर दोन हँडसेट ठेवलेले असत आणि मुनीमजी आकडे पाहून कोणत्या फोनवरून लावायचे ते ठरवत. त्याच कंपनीत बोलणे स्वस्त, बाहेर महाग, असे पॅक तेव्हा घरोघरी होते. नंबर फिरू लागल्यावर हे आकडे खोटे बोलू लागले.

२०१२ च्या सुमारास आमचा भिवंडीचा एक दलाल नंबर तोच ठेवून दुसऱ्या कंपनीत गेला. सीझनचे दिवस असल्याने दिवसातून दहा-दहा वेळा भावताव चाले. मुनीमजी आपल्या समजुतीने स्वस्तात बोलत होते आणि पैसे बाहेरच्या दराने कापले जात होते. महिनाअखेरीस रिचार्जचा खर्च पाहून आधी मुनीमजींवर शंका घेतली गेली. बिचाऱ्यांचा काहीही दोष नव्हता. आम्ही कंपनीकडे तक्रार केली तेव्हा उत्तर मिळाले की दर तर पॅकच्या कागदावर छापलेला आहे. दर छापलेला होता, हे खरे. पण समोरचा माणूस कोणत्या कंपनीचा, हे कुठे छापलेले होते?

वस्तुतः कंपनीला ते प्रत्येक वेळी ठाऊक असे. बदललेल्या नंबरांची यादी सांभाळण्यासाठी सरकारने दोन संस्थांना परवाना दिला. उत्तर व पश्चिम भारत एकीकडे, दक्षिण व पूर्व भारत दुसरीकडे. फोन लावला की आधी या यादीशी ताळा होतो आणि मगच बोलणे योग्य कंपनीकडे वळते. म्हणजे विकणाऱ्याला मालाचा भाव आधी कळत होता आणि घेणाऱ्याला महिनाअखेरीस. आपण कापड विकताना गिऱ्हाइकाला थान उलगडून दाखवतो, मीटर मोजून देतो. घंटी वाजण्यापूर्वी ‘हा नंबर बाहेरच्या कंपनीचा आहे’ एवढे एक वाक्य ऐकवणे अशक्य नव्हते. उर्दूत म्हण आहे, ‘हिसाब जौ जौ, बख्शिश सौ सौ’. देणगी शंभराची द्या, पण हिशोब दाण्यादाण्याचा ठेवा. कंपन्यांनी याच्या नेमके उलट केले.

हीच गोष्ट ऑक्टोबर २०१९ मध्ये पुन्हा समोर आली. तोवर बोलणे फुकट देणाऱ्या जिओने दुसऱ्या कंपन्यांच्या नंबरावर मिनिटाला ६ पैसे आकारण्यास सुरुवात केली आणि ती आकारणी १ जानेवारी २०२१ रोजी जकात संपली तेव्हाच पूर्णपणे थांबली. ६ पैसे ऐकायला किरकोळ वाटतात. पण रोज तासभर बाहेर बोलणाऱ्याला दिवसाला ३ रुपये ६० पैसे आणि महिन्याला १०८ रुपये पडतात. मीटरमागे पैशापैशाने भाव तोडणाऱ्या ग्रे कापडाच्या व्यापाऱ्याला १०८ रुपयांची किंमत वेगळी समजावून सांगायला नको.

संदेशांची कथाही फार वेगळी नाही. एका कंपनीतून दुसरीत जाणाऱ्या एसएमएसवरचा आकार ट्रायने २०१३ साली २ पैसे ठरवून दिला. तरीही ईद, दिवाळी, नववर्ष अशा दिवशी पॅकमधले स्वस्त संदेश चालत नसत आणि एकेका शुभेच्छेला पूर्ण दर लागे. गंमत अशी की कंपनी बदलायची तरी सुरुवात एसएमएसनेच होते. १९०० या नंबरावर संदेश पाठवला की कोड मिळतो. पण पुढे सर्वात स्वस्त पॅकमधून बाहेर जाणारा एसएमएसच काढून टाकण्यात आला. दुकानाला दार आहे, पण दाराची किल्ली महागाचा माल घेणाऱ्यालाच, असा हा प्रकार झाला. डिसेंबर २०२१ मध्ये ट्रायला आदेश काढावा लागला, की पॅक कितीही रुपयांचा असो, १९०० वरचा संदेश गेलाच पाहिजे.

कोणी म्हणेल, आता हा इतिहास उगाळून काय उपयोग? आता जकात नाही, एकदा पॅक भरला की कुठेही कितीही बोला. बरोबर आहे. पण आता भाव मिनिटावर न राहता पॅकवर गेला आहे आणि पॅकचा दर ठरवण्याची मोकळीक कंपन्यांना आहे. २०११ साली आपल्यापुढे दहा-बारा दुकाने होती. आज तीन खाजगी आणि एक सरकारी, एवढीच उरली. डिसेंबर २०१९, नोव्हेंबर-डिसेंबर २०२१ आणि जुलै २०२४, या तिन्ही वेळी तिन्ही खाजगी कंपन्यांनी चार-आठ दिवसांच्या अंतराने दर वाढवले. सगळ्या दुकानांत एकच भाव लागला, तर एका दुकानातून उठून दुसऱ्यात जाण्याच्या स्वातंत्र्याला कितीसा अर्थ राहतो? जुलै २०२४ मध्ये लाखो लोक नंबर घेऊन बीएसएनएलकडे गेले. याचा अर्थ एवढाच, की वेगळ्या भावाचे एक दुकान शिल्लक असले तरच ही सोय कामाची असते.

तथापि या सोयीचे ऋण मान्य केले पाहिजे. २०१७ च्या अखेरीस रिलायन्स कम्युनिकेशन्सने आणि २०१८ च्या सुरुवातीला एअरसेलने गाशा गुंडाळला, तेव्हा त्यांच्या ग्राहकांचे नंबर या सोयीमुळेच वाचले. पत बुडाली नाही. म्हणून ही सोय टाकाऊ ठरवण्याचा प्रश्नच येत नाही, फक्त तिला स्वस्ताईची हमी समजू नये.

माझे म्हणणे थोडक्यात असे. व्यापारी संघटनांनी ट्रायकडे दोन मागण्या लावून धराव्यात. एक, सर्व कंपन्यांची दरवाढ एकाच वेळी कशी होते याची उघड चौकशी व्हावी. दोन, डिसेंबर २०२४ च्या नियमानुसार केवळ बोलणे व एसएमएस यांचा वेगळा पॅक देणे कंपन्यांना बंधनकारक झाले आहे. तो पॅक दुकानाच्या फलकावर आणि ॲपमध्ये पहिल्या ओळीत दिसावा, तळाशी दडवला जाऊ नये. साध्या फोनवर बोलणाऱ्या माग-कामगाराने न वापरलेल्या इंटरनेटचे पैसे का भरावेत?

आणि ज्यांना कंपनी बदलायची आहे त्यांनी आधी कागद तपासावा. मागची थकबाकी फेडलेली हवी, सध्याच्या कंपनीत ९० दिवस पूर्ण झालेले हवेत, आणि जुलै २०२४ पासून सिमकार्ड बदलल्यावर ७ दिवस कोड मिळत नाही. कोड आपल्याकडे चार दिवस चालतो. विभागातल्या विभागात तीन आणि विभागाबाहेर पाच कामाचे दिवस लागतात. प्रीपेडची शिल्लक रक्कम बुडते. बदलाच्या वेळी काही तास फोन बंद राहतो, तेव्हा बँकेचा ओटीपी अडकू नये म्हणून मोठ्या पेमेंटचा दिवस टाळावा. आणि केवळ रागाच्या भरात जाऊ नये. आधी नव्या कंपनीच्या पॅकला दिवसांनी भागून रोजचा दर काढावा. अनेकदा २८ दिवसांचा ‘महिना’ धरून वर्षाला तेरा महिने भरले जातात, हे तेव्हाच लक्षात येते.