मिस्त्री व्हायचंय म्हणूनच दहावी करा

जुना ट्रॅक्टर धापा टाकू लागला की गिऱ्हाईक सांगतो, ‘कार्बोरेटरमध्ये कचरा आलाय.’ मिस्त्री वाद घालत नाही. डिझेल ट्रॅक्टरला कार्बोरेटर नसतोच; तो पेट्रोलच्या जुन्या मोटारसायकलींना. इथे फिल्टर, पंप आणि नोझल पाहावे लागतात. मिस्त्री आधी धूर बघतो. काळा असेल तर हवा कमी पडतेय किंवा डिझेल जास्त जातेय, निळा असेल तर ऑइल जळतेय, पांढरा असेल तर डिझेल न जळताच बाहेर पडतेय. लाइनीत हवा शिरली असेल तर फिल्टरवरचा स्क्रू सैल करून हाताने पंप मारायचा आणि बुडबुडे थांबले की आवळायचा.

नंदुरबार, शहादा, तळोद्याच्या गॅरेजांत हा इल्म उस्तादाकडून शागिर्दाकडे जातो. मुसलमानांत स्वयंरोजगाराचे प्रमाण जास्त असल्याचे सच्चर समितीने २००६ मध्येच नोंदवले आहे. हजरत दाऊद अलैहिस्सलाम लोखंडाची चिलखते बनवत. हाताच्या कमाईत कमीपणा कसला?

तक्रार आहे ती आठवी-नववीतल्या मुलाच्या हातात पाना देणाऱ्या पालकांबद्दल. ‘शिकून काय करणार? मिस्त्रीच व्हायचंय ना?’ असे ते म्हणतात. अहो, मिस्त्री व्हायचंय म्हणूनच शिकायला हवे! १ जानेवारी २०२३ पासून ५० अश्वशक्तीवरच्या नव्या ट्रॅक्टरांना प्रदूषणाचे कडक नियम लागू झाले. या इंजिनांत डिझेल किती आणि कधी सोडायचे ते सेन्सर आणि कॉम्प्युटर ठरवतात. तिथे नुसता धुराचा रंग पुरत नाही, बिघाडाचा कोड वाचावा लागतो. लहान ट्रॅक्टर अजून जुन्या पद्धतीचे आहेत, म्हणून आज रोजी चालते आहे. पण आज पाना धरणाऱ्या मुलाला पुढची तीस वर्षे काढायची आहेत.

आयटीआयमध्ये ट्रॅक्टर मेकॅनिकचा कोर्स एका वर्षाचा आहे, मात्र दहावी पास असावे लागते. हुनर कितीही असो, तो कागद नसला की दार बंद. ज्यांची शाळा सुटली त्यांच्यासाठी १७ नंबरचा फॉर्म आहे. तो भरून बाहेरून दहावी देता येते, मराठीतून किंवा उर्दूतूनही.

उस्तादांना एकच विनंती: शागिर्दाचा फॉर्म भरून घ्या आणि परीक्षेच्या महिन्यात त्याला पगारी सुट्टी द्या. तुमचे हुनर त्याच्या हातात आहेच, त्याला दाखल्याची जोड मिळू द्या.