पहारेकऱ्यालाही ठाऊक नसावा असा शब्द

सैन्यात रात्रीच्या पहाऱ्यावर परवलीचा शब्द असतो. येणाऱ्याने तो सांगायचा, पहारेकऱ्याने ताडून पाहायचा आणि मगच वाट द्यायची. संगणकाचा पासवर्डही याच कामाचा. फरक एवढाच, की इथे पहारेकऱ्यालाही तो शब्द ठाऊक नसावा. हे मी माझ्या चुकीतून शिकलो.

गेल्या सत्रात मी आमच्या हाउसच्या पुस्तकांसाठी छोटी वेबसाइट बनवली. प्रत्येकाला पहिला पासवर्ड मीच दिला : रोल नंबर आणि पुढे १२३. नंतर बदललेले पासवर्डही डेटाबेसमध्ये जसेच्या तसे साठत होते. एकदा सातवीतला एक कॅडेट आपला पासवर्ड विसरला. मी तक्ता उघडून त्याला तो वाचून दाखवला. केवढी तत्पर सेवा, असे मला वाटले! तो मात्र गप्प झाला. मग म्हणाला, "सर, माझ्या ईमेललाही हाच आहे. तुम्हाला सगळ्यांचे दिसतात?"

मला उत्तर देता आले नाही.

ही चूक मोठ्यांकडूनही झाली आहे. २००९ मध्ये रॉकयू या अमेरिकन कंपनीचे सुमारे ३ कोटी २० लाख पासवर्ड चोरीला गेले. ते साध्या अक्षरांत ठेवले होते, त्यामुळे चोराला काही फोडावेच लागले नाही.

यावर उपाय आहे हॅशिंग. गव्हाचे पीठ होते, पण पिठाचे पुन्हा गहू होत नाहीत. तसेच पासवर्ड दळून फक्त त्याचा हॅश साठवायचा. लॉगिनच्या वेळी दिलेला पासवर्ड पुन्हा दळायचा आणि दोन्ही हॅश जुळतात का ते पाहायचे. दोघांचा पासवर्ड सारखा असला तरी हॅश वेगळा यावा म्हणून प्रत्येकात वेगळे 'सॉल्ट' मिसळतात. पीएचपीत हे सारे करणारे तयार फंक्शन २०१३ पासून आहे. ते मुद्दाम सावकाश चालते, म्हणजे चोराला अंदाज लावत बसणे महाग पडते. पहिला पासवर्डही रोल नंबरवरून नव्हे, तर यादृच्छिकपणे तयार करावा. आणि कोणी विसरलाच, तर जुना सांगायचा नाही. नवा ठरवण्यासाठी एकदाच चालणारी लिंक द्यायची.

मित्र म्हणतात, "पुस्तकांच्या यादीतून कोण काय चोरणार?" मला हे पटत नाही. यादी आमची होती, पण पासवर्ड त्या मुलाच्या ईमेलचा होता. जी वेबसाइट तुमचा जुना पासवर्ड तुम्हाला सांगू शकते, ती तो कोणालाही सांगू शकते. म्हणून प्रोग्रॅमिंग शिकताना लॉगिनचे पान बनवण्याआधी हॅशिंग शिकवले जावे, असे माझे ठाम मत आहे.

त्या संध्याकाळी फॉल-इनच्या वेळी मी सगळ्यांसमोर चूक कबूल केली. तोच पासवर्ड दुसरीकडे वापरला असेल तर आजच बदला, असे सांगितले. वेबसाइट बनवण्यापेक्षा ते अवघड गेले.

– एक कॅडेट, इयत्ता ११ वी