सरहद्दीवर अडणारे गाणे

भांडवलाला सरहद्द ओलांडावयास आज क्षणभरही पुरतो. गाण्याचे ध्वनिमुद्रणही तितक्याच सहजतेने एका खंडातून दुसऱ्या खंडात पोचते आणि त्याचा नफा कंपनीच्या खात्यात जमा होतो. परंतु तेच गाणे गाणारी चार माणसे आपली वाद्ये घेऊन प्रथमच परदेशी निघाली की त्यांच्यापुढे परवाने, शुल्के आणि जकातीचे कागद यांची भिंत उभी राहते. लहान, स्वतंत्र वाद्यवृंदाचा पहिला परदेश दौरा ही वृत्तपत्रांच्या रंजन-पुरवणीतील बातमी मानली जाते. वस्तुतः तो श्रमाचा प्रश्न आहे आणि त्याच दृष्टीने त्याचा विचार व्हावयास हवा.

१७ ऑगस्ट १९६० रोजी लिव्हरपूलचे पाच तरुण एका व्हॅनमधून पश्चिम जर्मनीतील हॅम्बुर्गला पोचले. जॉन लेनन, पॉल मॅकार्टनी, जॉर्ज हॅरिसन, स्टुअर्ट सटक्लिफ आणि पीट बेस्ट. पुढे जगभर गाजलेल्या ‘बीटल्स’ला त्या वेळी स्वतःच्या शहरातही फारसे कोणी ओळखत नव्हते. करार असा होता : माणशी रोज ३० मार्क, इतर दिवशी साडेचार तास आणि शनिवार-रविवारी सहा तास वादन. राहण्याची व्यवस्था मालकाच्याच ‘बांबी’ सिनेमागृहात, पडद्यामागच्या खोलीत, स्वच्छतागृहाला लागून. ‘इंद्रा’ नावाच्या क्लबात ४८ रात्री वाजविल्यानंतर त्यांना त्याच मालकाच्या ‘कैसरकेलर’ या दुसऱ्या क्लबात हलविण्यात आले.

निघताना त्यांच्याजवळ कामाचे रीतसर परवाने नव्हते. हॅरिसनचे वय अवघे १७ होते आणि रात्री दहानंतर अशा क्लबात थांबण्यास अठरा वर्षांखालील मुलांना कायद्याने मनाई होती. तरीही तो तीन महिने रोज रात्री वाजवीत राहिला. मात्र हे तरुण अधिक बरा मोबदला देणाऱ्या प्रतिस्पर्धी ‘टॉप टेन’ क्लबकडे वळू लागताच निद्रिस्त कायदा खडबडून जागा झाला. नोव्हेंबरमध्ये वयाच्या कारणावरून हॅरिसनची रवानगी मायदेशी झाली. पाठोपाठ त्या खोलीत आग लावल्याच्या आरोपावरून मॅकार्टनी आणि बेस्ट यांना अटक झाली व त्यांनाही परत धाडण्यात आले. भिंतीला थोडा डाग पडला, यापलीकडे काही नुकसान झालेले नव्हते.

या हालअपेष्टांतूनच बीटल्स घडले, असे म्हणण्याची प्रथा आहे. ते अर्धसत्य होय. रोज तासन्‌तास श्रोत्यांपुढे वाजविल्यामुळे त्यांचा हात बसला, हे खरे. पण तो सराव बरी झोप आणि न्याय्य वेतन मिळूनही झाला असता. पहिल्याच दौऱ्यात खचून कायमचे घरी परतलेल्या वादकांची चरित्रे कोणी लिहीत नाही. हॅम्बुर्गचा खरा धडा निराळा आहे. कागदपत्रांतील उणीव कामगार निमूटपणे राबत असताना कोणाला दिसत नाही. त्याने मालक बदलण्याचे मनात आणले की तीच उणीव त्याच्या गळ्यातील फास होते.

कामगार चळवळीची बाजूही येथे सर्वस्वी निर्मळ नाही. ब्रिटिश वादकांच्या संघटनेच्या दबावामुळे १९३५ पासून सुमारे वीस वर्षे अमेरिकन वाद्यवृंदांना ब्रिटनची दारे जवळजवळ बंद होती. आपल्या सभासदांची रोजी राखणे हा हेतू समजण्याजोगा होता. परंतु त्यामुळे ब्रिटिश वादक जाझच्या जिवंत परंपरेपासून तुटले. १९५६ च्या सुमारास ‘त्यांचा एक वृंद येथे, तर येथील एक तेथे’ अशी अदलाबदल सुरू झाली आणि कोंडी फुटली. आज तीच संघटना युरोपातील मुक्त संचाराची मागणी करीत आहे. परक्या कलावंताला अडवून देशी कलावंताचे पोट भरत नाही, हे अनुभवाने पटले आहे.

१ जानेवारी २०२१ पासून ब्रिटिश वादकांचा युरोपीय संघातील मुक्त संचार संपला. प्रत्येक देशाचे कामाविषयीचे नियम वेगळे. वाद्ये मालगाडीतून स्वतंत्रपणे न्यावयाची तर जकातीचा तात्पुरता पास हवा. विक्रीच्या तबकड्या व सदरे नेले तर कर आहेच. सामान वाहणाऱ्या मोठ्या गाड्यांना मोजक्याच मुक्कामांनंतर परतण्याचे बंधन आले. बड्या वाहतूक कंपन्यांनी दोन्हीकडे तळ उभारून त्यातून वाट काढली. एका व्हॅनच्या भाड्यासाठी वर्गणी जमविणाऱ्या चौघांनी दुसरा तळ कोठून आणावा? मे २०२५ मध्ये लंडनला झालेल्या शिखर बैठकीत दौऱ्यावरील कलावंतांचे महत्त्व उभयपक्षी मान्य झाले. सुटका मात्र झाली नाही.

अमेरिकेने १ एप्रिल २०२४ पासून परदेशी वाद्यवृंदासाठीच्या अर्जाचे शुल्क ४६० डॉलरवरून, जादा आकार धरून, १६१५ डॉलरपर्यंत नेले. लहान मालकांना व ना-नफा संस्थांना काही सवलत ठेवली. परंतु एका अर्जात २५ पर्यंत नावे बसतात. तेव्हा चौघांच्या वृंदावर माणशी पडणारा बोजा मोठ्या वृंदाच्या सहापट होतो. अर्ज करावयाचा तोही तेथील मालकाने वा मध्यस्थाने. म्हणजे हॅम्बुर्गची दोरी येथेही आहेच. ती आता अधिक व्यवस्थित वळलेली आहे, इतकेच.

भारतीय कलावंताची अवस्था याहून कठीण. जून २०२४ पासून शेंगेन व्हिसाचे शुल्क ९० युरो झाले असून अर्ज फेटाळला तरी ते परत मिळत नाही. शिवाय निर्वाहाची ऐपत सिद्ध करावी लागते. कमावण्यासाठी निघालेल्या माणसाने आधी आपल्यापाशी पैसा असल्याचा पुरावा द्यावयाचा! सरकारी सांस्कृतिक मंडळातून जाणाऱ्यांची सोय होते. परंतु सत्तेच्या मर्जीने निवडलेला कलावंत आणि स्वतःच्या बळावर निघालेला कलावंत यांत अंतर आहे. उचल घेऊन हंगामभर फडाला बांधल्या जाणाऱ्या तमासगिरांचे जिणे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना हे वेगळे समजावून सांगावयास नको.

म्हणून मागण्या स्पष्ट असावयास हव्यात. अल्प मुदतीच्या कार्यक्रमांसाठी सुलभ परवाना मिळावा आणि तो एकाच मालकाच्या हाती बांधलेला नसावा. शुल्क वृंदाच्या संख्येप्रमाणे व मिळकतीप्रमाणे ठरावे. कामाचे तास, मोबदला व निवास लेखी करारात यावेत आणि वादकांच्या संघटनांनी परक्या वादकालाही दौऱ्यापुरते सभासदत्व देऊन त्याच्या पाठीशी उभे राहावे. यातील शेवटची गोष्ट करण्यास कोणत्याही सरकारच्या अनुमतीची गरज नाही. ती चळवळीने आजच सुरू करावी.