कोकणात राहायचे की घाटावर?

मे महिना सरत आला की शाळेच्या कार्यालयात दाखले मागणाऱ्या पालकांची रीघ लागते. रत्नागिरीच्या आसपासच्या मोहल्ल्यांतून दरवर्षी काही मुले असा दाखला घेऊन आंबा घाट चढतात आणि कोल्हापूरच्या शाळेत नाव घालतात. वडील कुवेत, कतार किंवा सौदीत असतात. आई मुलांना घेऊन शहरात बिऱ्हाड करते आणि गावच्या घरात दादी एकटी उरते. दाखल्यावर सही होता होता एक प्रश्न हमखास येतो, "सर, गावातच घर बांधू, की घाटावर प्लॉट घेऊ?" आयुष्यभराची कमाई या एका उत्तरात गुंतलेली असते, म्हणून आज त्यावर थोडे सविस्तर बोलू.

पहिली गोष्ट अशी की, हा निर्णय बहुधा सुट्टीत घेतला जातो. परदेशातला माणूस मे महिन्यात येतो. आंबे, फणस, ताजी मासळी, संध्याकाळी समुद्राचा वारा. त्याला वाटते, जन्नतच. कोल्हापुरात दोन दिवस पाहुणा म्हणून जातो तेव्हा तेथली रुंद बाजारपेठ आणि मोठी इस्पितळे पाहून हरखतो. पण घर सुट्टीसाठी बांधायचे नसते. जुलैमध्ये तेथे कोण राहणार, हे आधी पाहावे.

रत्नागिरीत वर्षाला ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. कोल्हापुरात त्याच्या साधारण एक तृतीयांश. तरीही कोकणातल्या कित्येक वाड्यांत एप्रिल-मेमध्ये विहिरी तळ गाठतात, कारण जांभ्याच्या उतारावरून पाणी भराभर समुद्राला मिळते. तेव्हा जागा पाहायला मे महिन्यातच जावे आणि विहिरीत डोकावावे. खारी हवा लोखंड खाते. स्लॅबमधल्या सळ्या गंजल्या की काँक्रीट फुगून ढलप्या पडतात. समुद्राजवळ बांधताना सळ्यांवरचे काँक्रीटचे आवरण जाड ठेवायला सांगावे, समुद्राची वाळू वापरू देऊ नये आणि दर दोन-तीन वर्षांच्या डागडुजीचा खर्च आधीच धरावा. भरतीरेषेपासून जमिनीकडे ५०० मीटरपर्यंतच्या पट्ट्याला सीआरझेडचे नियम लागू होतात. खाडीकाठी हे अंतर वेगळे असते. वडिलोपार्जित जागा असली तरी परवानगीची चौकशी केल्याशिवाय पाया खणू नये. सातबाऱ्यावर फुफ्यांची आणि चुलत्यांची नावे असतील तर आधी त्यांचा हिस्सा शरीयतप्रमाणे आणि कायद्याप्रमाणे मोकळा करावा. दुसऱ्याच्या हक्काच्या जमिनीवर उभ्या राहिलेल्या घरात बरकत कोठून येणार?

"घाटावर निदान वादळ नाही," असे पुष्कळजण म्हणतात. ते खरे आहे. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळाने रायगड आणि उत्तर रत्नागिरीत नारळी-पोफळीच्या बागा आडव्या केल्या, घरांचे पत्रे उडवले. पण घाटावर नदी आहे. जुलै २०२१ मध्ये ज्या दिवसांत वाशिष्ठीने चिपळूण बुडवले, त्याच दिवसांत पंचगंगेचे पाणी कोल्हापूरच्या वस्त्यांत शिरले होते. त्याआधी २००५ आणि २०१९ मध्येही तेच झाले. राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांवर गेले की इशारा आणि ४३ फुटांवर गेले की धोका. कोल्हापुरात प्लॉट घेणाऱ्याने हे दोन आकडे पाठ करावेत. पूररेषेच्या नकाशात निळी आणि लाल रेषा कोठून जाते ते पाहावे आणि शेजाऱ्याला विचारावे, "२०१९ ला पाणी कुठवर आले होते?" दलाल सांगणार नाही ते शेजारच्या भिंतीवरचा डाग सांगतो.

आता मुलांचे शिक्षण. शिक्षक म्हणून आम्हाला येथे जास्त बोलावेसे वाटते. कोकणातल्या अनेक मोहल्ल्यांत जिल्हा परिषदेची उर्दू शाळा हाकेच्या अंतरावर असते. कोल्हापुरातही उर्दू शाळा आहेत, पण त्या थोड्या. तेथली आपली बरीच मुले मराठी माध्यमात शिकतात. उर्दूतून आठवीपर्यंत आलेली मुलगी एकदम मराठी माध्यमात बसवली की ती हुशार असूनही मागच्या बाकावर जाते. गणित तिला येत असते, पण गणिताची भाषा येत नाही. माध्यम बदलायचेच असेल तर पाचवीत बदलावे आणि जूनमध्येच बदलावे. नववी-दहावीत तर शाळाच बदलू नये.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. शिकायला बाहेर जाणे आणि सारे घर उठवणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कोल्हापुरात १९०६ मध्ये राजर्षी शाहू महाराजांच्या आधाराने मुस्लिम बोर्डिंग सुरू झाले ते कशासाठी? खेड्यातल्या मुलाला शहरात राहून शिकता यावे आणि त्यासाठी त्याच्या आईबापांना गाव सोडावे लागू नये, म्हणूनच ना! आज रत्नागिरीतही अभियांत्रिकी, मत्स्यविज्ञान आणि वैद्यकीय महाविद्यालये आहेत. दहावी-बारावीनंतर मूल वसतिगृहात जाऊ शकते. त्या तीन-चार वर्षांसाठी घराची चूल कायमची हलवण्याआधी दहादा विचार करावा. मात्र मुलीला कॉलेजहून घरी आणणारी शेवटची एसटी किती वाजता आहे, हेही पाहिले पाहिजे. गाडी नसल्याने मुलीचे शिक्षण सुटणार असेल, तर मग गाव धरून बसण्यात अर्थ नाही. अशा घरांनी गाव आणि घाट यांमधला तिसरा मार्ग पाहावा: रत्नागिरी किंवा चिपळूण शहरात भाड्याची दोन खोल्यांची जागा.

इस्पितळाचा हिशेब रात्री दोन वाजताचा करावा. घाटावर कोल्हापूर आणि मिरज ही उपचारांची जुनी केंद्रे आहेत. पण पावसाळ्यात दरड कोसळली की आंबा घाट बंद होतो आणि कोकणातल्या रुग्णाला ते अंतर ओलांडता येत नाही. घरात हृदयाचा किंवा डायलिसिसचा रुग्ण असेल तर समुद्राचे प्रेम बाजूला ठेवून त्याच्या उपचारांजवळ राहावे.

राहता राहिली माणसे. हदीसमध्ये ऐसपैस घर आणि चांगला शेजारी यांची गणना सुखाच्या गोष्टींत झाली आहे. गावात मय्यत झाली की जमात धावते. कबर खणण्यापासून पाहुण्यांच्या जेवणापर्यंत कोणाला सांगावे लागत नाही. शहरात हे सारे मिळते, पण जमातीत नाव नोंदवून, ओळखी करून, सावकाश मिळते. कोकणातले आपण बहुतेक शाफई, घाटावर बहुतेक हनफी. असरची अजानसुद्धा तेथे उशिरा होते. दीनात याने काही उणे होत नाही. पण सत्तर वर्षांच्या माणसाला या लहान लहान बदलांनीच परके वाटते. दादीला ज्वारीची भाकरी चावत नाही, तिची कोकणी बोली शेजारणीला उमगत नाही आणि दुपारी ओट्यावर बसायला ओटाच नसतो.

म्हणून मशवरा करताना वर्षभर घरात राहणाऱ्यांचे मत आधी घ्यावे. पैसे पाठवणाऱ्याचा मान मोठा, पण तो अकरा महिने तेथे नसतो. बायकोला विचारावे, मुलीला विचारावे. दादीला "तुम्ही येणार ना?" असे विचारू नये, मुलाचे मन मोडू नये म्हणून ती हो म्हणते. "अम्मी, तुम्हाला कुठे बरे वाटेल?" असे विचारावे आणि उत्तराची वाट पाहावी. इस्तिखारा जरूर करावा, पण चौकशी टाळण्यासाठी नव्हे. सगळी चौकशी झाल्यावर.

आमचा सल्ला एवढाच. जमीन घेण्याआधी त्या गावी एक पावसाळा आणि एक मे महिना भाड्याने राहा. तोवर गावचे घर विकू नका आणि कुलूप लावून सडूही देऊ नका. दादी चालतीफिरती आहे आणि मुले दहावीच्या आत आहेत, अशा घरांनी शक्यतो तिच्याजवळच राहावे, असे आम्हाला वाटते. कॉलेज पाच वर्षांनीही तेथेच असेल. दादी किती दिवस आहे, हे अल्लाहलाच ठाऊक.